‘रूपकं शेवटी शिका’ : हा सल्ला कुठे फसतो

परकी भाषा शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला जोरात फिरतो आहे : ‘आधी २,००० शब्द आणि व्याकरण पक्कं करा. रूपकं म्हणजे भाषेचे दागिने, ती शेवटी. तोवर संदर्भावरून कळतात. वाक्प्रचार सरळ पाठ करा.’ यातली तिन्ही विधानं डळमळीत आहेत.

‘दागिने आहेत.’ सल्ला ‘फिरतो’, विधानं ‘डळमळतात’. वरच्या चार ओळींतही रूपकं, म्हणजे मूळ अर्थाबाहेर वापरलेले शब्द, टाळता आली नाहीत. अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी २०१० मध्ये इंग्रजी मजकूर शब्दन् शब्द तपासला, तेव्हा शैक्षणिक लेखनातले सुमारे १८ टक्के आणि बातम्यांतले १६ टक्के शब्द रूपकाशी जोडलेले निघाले. म्हणजे रूपकं त्या २,००० शब्दांतही बसलेली असणार.

‘संदर्भावरून कळतं.’ अनोळखी शब्द अडवतो, आपण कोश उघडतो. ओळखीचा शब्द अडवतच नाही, म्हणून चूक झाल्याचा पत्ता लागत नाही. चिनी भाषेत ‘शांग’ म्हणजे वर, ‘श्या’ म्हणजे खाली. पण ‘शांग’ महिना हा मागचा आणि ‘श्या’ महिना पुढचा. क्रियापद काळानुसार रूप बदलत नाही, त्यामुळे तिथूनही हमखास इशारा मिळत नाही. ब्रिटिश विद्यापीठात शिकणाऱ्या बांगलादेशी अधिकाऱ्यांवर जनेट लिटलमोर यांनी केलेल्या अभ्यासात (२००१) विषय कळूनही रूपकांमागचा प्राध्यापकांचा सूर पसंतीचा की टीकेचा, इथे गफलत होत होती.

‘पाठ करा.’ सुटंसुटं पाठ केलेलं गळतं. एकाच रूपकाखाली गट पाडून दिलेले शब्द अधिक लक्षात राहतात, हे फ्रँक बूर्स यांच्या प्रयोगांत (२०००) दिसलं. मराठी शिकणाऱ्यासाठी ‘खाणे’ घ्या. आधी मूळ, तोंडाने खाण्याचा अर्थ लिहा. शेजारी वाक्यातला अर्थ. मग विचारा, इथे कर्त्याचं काय होतं? मार, बोलणी, गटांगळ्या, हेलकावे : कर्ता भोगतो. पैसे, वेळ, डोकं : कर्ता दुसऱ्याचं फस्त करतो. आता ‘धक्के खाल्ले’ पहिल्यांदा ऐकलं तरी ते कुठल्या रांगेत जाईल हे कळतं. ‘भाव खाणे’ आणि ‘मेळ खाणे’ कुठेच बसत नाहीत. तेवढे खुशाल घोका.

ही युक्ती समजण्यासाठी आहे, नवे प्रयोग घडवण्यासाठी नाही. राग गिळतात, खात नाहीत.