अंदाज पेनाने लिहा

मागच्या पावसाळ्यात आमच्या आठवीच्या वर्गात भाताच्या बरण्या ठेवल्या होत्या. व्हॉट्सॲपवर तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. शिजलेल्या भाताच्या दोन बरण्या, एकीशी रोज गोड बोलायचं, दुसरीला रोज शिव्या द्यायच्या. शिव्या खाल्लेला भात म्हणे काळा पडतो. पोरांना करून बघायचं होतं. म्हटलं, करू.

सहाव्या दिवशी शिव्यांच्या बरणीत खरोखरच काळी-हिरवी बुरशी. वर्गात नुसता गलका. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली, "मॅडम, त्या बरणीचं झाकण सैल आहे. आणि तिच्यात भात आम्ही हाताने भरला होता."

माझ्या लेखी त्या दिवशी विज्ञान सुरू झालं ते या वाक्यापासून.

मग बारा सारख्या बरण्या आणल्या, उकळत्या पाण्याने धुतल्या, भात चमच्याने भरला, प्रत्येकीवर फक्त नंबर. बोलणारी पोरं वेगळी, तपासणारी वेगळी. कुठल्या नंबरला काय ऐकवलंय ते तपासणाऱ्यांना ठाऊक नाही. आणि काय दिसलं तर आपला अंदाज चुकला म्हणायचं, ते आधीच वहीत लिहून ठेवायचं. पहिली बुरशी आली ती रोज कौतुक ऐकणाऱ्या बरणीत! नंतर दोन्हीकडे आली.

मराठीत 'शास्त्र' हा शब्द मोठा ऐसपैस आहे. पाकशास्त्र, धर्मशास्त्र, ज्योतिषशास्त्र, शिवाय पोट भरलेल्या पाहुण्याला 'शास्त्रापुरता तरी एक लाडू घ्या'. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. घोळ होतो तो 'यात शास्त्र आहे' असं म्हणता म्हणता 'हे विज्ञान आहे' म्हटलं जातं तेव्हा. पोथी जुनी आहे, आकडेमोड किचकट आहे, सांगणारा मोठा आहे, एवढ्यावर विज्ञान ठरत नाही. आपण चुकलो हे कशावरून कळेल, ते जो आधी सांगतो आणि दुसऱ्याला तपासू देतो, तो विज्ञान करतो. माझी व्याख्या एवढीच.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी ज्योतिषाची जी चाचणी घेतली, ती मला याच कारणासाठी आवडते. सोबत अंधश्रद्धा निर्मूलनाचे नरेंद्र दाभोलकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे आणि ज्योतिषाचे चिकित्सक प्रकाश घाटपांडे होते. शंभर हुशार मुलं आणि शंभर मतिमंद मुलं, अशा दोनशे जणांच्या पत्रिका. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या 40 द्यायच्या आणि त्याने फक्त मूल कुठल्या गटातलं ते ओळखायचं. 27 जणांची उत्तरं आली. सरासरी 46 टक्के बरोबर. नाणं उडवून सांगितलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती. यात कुणाची टवाळी नव्हती. दाव्याला खरं ठरायची पूर्ण संधी दिली होती, आणि मला त्यातला हा सभ्यपणा फार मोलाचा वाटतो.

आता याच नारळीकरांची दुसरी बाजू बघा. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्या स्थिर विश्वाच्या सिद्धांतावर, म्हणजे विश्वाला सुरुवातच नाही या मतावर, त्यांनी उमेदीची वर्षं घालवली. 1965 साली अवकाशात सगळीकडून येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण (रेडिएशन) सापडल्याचं जाहीर झालं. ती महास्फोटातून विश्व सुरू झालं तेव्हाची उरलेली धग मानली गेली, आणि बहुतेक खगोलशास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. नारळीकरांनी पुढे सिद्धांतात बदल करून तो नव्याने मांडला, तरीही बहुसंख्यांना पटला नाही. माझ्या मनात त्यांच्याबद्दल अपार आदर आहे. पण आदर हा पुरावा होत नाही, आणि हे त्यांनाच सर्वांत आधी मान्य झालं असतं.

कुणी म्हणेल, प्रयोगशाळेत जे पुन्हा घडवता येत नाही त्याचं काय? लोणारला चला. तिथे उल्का पुन्हा कोण पाडणार? ते विवर ज्वालामुखीचं, असं पूर्वी अनेकजण मानत. पण आघाताने झालं असेल तर प्रचंड दाबाखाली खनिजाची काच झालेली तिथल्या दगडांत मिळायला हवी. ज्वालामुखीत तेवढा दाब नसतो. ती काच, मास्केलिनाइट, मिळाली आणि 1973 साली ते प्रसिद्धही झालं. फार फार पूर्वीची घटना, तरी तपासता आली.

बरण्या आता धुऊन कपाटात ठेवल्यात. पण वहीत अंदाज लिहायची सवय राहिली आहे. परवा चुंबकाच्या प्रयोगाआधी मी म्हटलं, "अंदाज लिहा," तर पोरांनी पेन्सिली काढल्या. ती सैल झाकणवाली मुलगी शेजारणीला म्हणाली, "पेनाने लिही गं. पेन्सिलीचं मागून खोडता येतं."