ज्येष्ठ वकिलांना पत्र लिहिताना

परवा आमच्या एका अशिलाने थेट सीनियर कौन्सेलना व्हॉट्सॲप केलं, "गुड मॉर्निंग सर, माझ्या मॅटरचं काय झालं?" सीनियरनी एक शब्द न लिहिता तो मेसेज मला फॉरवर्ड केला. माणूस उद्धट नाही, धास्तावलेला आहे. त्याला रीत कुणी सांगितलीच नव्हती. ते माझं काम होतं. म्हणून लिहितोय.

पेपरात केस पिकलेल्या कुठल्याही वकिलाला 'ज्येष्ठ विधिज्ञ' म्हणतात. कोर्टात तो दर्जा आहे. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ च्या कलम १६ नुसार सर्वोच्च किंवा उच्च न्यायालय तो देतं, तोही त्या वकिलाच्या संमतीने. आणि त्याबरोबर बंधनं येतात. वकीलपत्र दाखल करता येत नाही, अशिलाकडून थेट ब्रीफ, म्हणजे केसचं काम, घेता येत नाही. म्हणजे तुम्ही परस्पर मेसेज टाकता तेव्हा समोरच्याला अडचणीत टाकता. जे सांगायचं ते आपल्या वकिलामार्फत सांगा.

आता ज्युनियर मंडळींसाठी. वकिलीच्या पहिल्या वर्षी मी एका सीनियरना पत्र लिहिलं. मायन्यात परमपूज्य, आदरणीय, विद्वान, सगळं घातलं होतं. पुढची तारीख मात्र चुकली होती. त्यांनी पेन्सिलीने तारखेभोवती गोल केला आणि म्हणाले, "नमस्कार पोचला. तारीख कुठली धरू?" तो गोल मला अजून दिसतो.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे. 'मा. ॲड. अमुक अमुक, ज्येष्ठ विधिज्ञ, यांस', खाली 'महोदय', मग 'स. न. वि. वि.' एवढं पुरे. पहिल्याच वाक्यात प्रकरण क्रमांक, कोर्ट, तारीख. 'आपण' ने सुरुवात केली की शेवटपर्यंत 'आपण' च ठेवा. मध्येच 'तुम्ही बघून घ्या' नको. चेंबरमध्ये काका, दादा खुशाल म्हणा, पण पत्र फाइलला लागतं. पत्त्यात 'माजी महाधिवक्ता' वगैरेही घालू नये. वकिलांची नियामक संस्था असलेल्या बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे वकिलाला स्वतःच्या पाटीवर किंवा लेटरहेडवरसुद्धा ते लिहिता येत नाही.

आणि 'महोदया'! इंदिरा जयसिंग यांना मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये सीनियर केलं, तो मान मिळालेल्या तिथल्या त्या पहिल्या महिला. त्यालाही आता चाळीस वर्षं होत आली. तरी जुना मसुदा कॉपी करून बाईंना 'महोदय' म्हणून पत्रं जातात. मला याचा मनापासून राग येतो. ज्यांचं नाव लिहिताय, त्या कोण आहेत एवढं तरी बघा.

काल त्या अशिलाला ऑफिसात बोलावलं. त्याचे प्रश्न विचारून घेतले आणि माझ्या सहीने दोन परिच्छेदांचं पत्र तयार केलं. त्याने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "साहेब, शेवटी माझ्याकडूनही आभार लिहाल का?"

लिहिले.