ओरिजिनल की नेहमीची?

कॉम्प्युटर जोडून झाला, काचेच्या आतले पंखे दिवाळीच्या माळेसारखे लुकलुकायला लागले आणि तपकीर गल्लीतल्या दुकानदाराने शेवटचं विचारलं, "साहेब, विंडोज टाकून देऊ ना? ओरिजिनल की नेहमीची?"

'नेहमीची' हा शब्द त्याने इतक्या घरगुती सुरात उच्चारला, की जणू चहा कसा करू असंच विचारत होता. पण मी पडलो सोसायटीचा खजिनदार. प्लंबरकडूनसुद्धा पावती घेणारा माणूस. म्हणालो, "काहीच नको, घरी टाकतो मी." त्यावर तो काही बोलला नाही. फक्त बिलाच्या मागे स्वतःचा मोबाईल नंबर लिहून दिला.

मुळात या खर्चात पडलो ते जुन्या कॉम्प्युटरमुळे. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 ला आमचा इंटेलचा सातव्या पिढीतला प्रोसेसर चालेना. आठवी पिढी हवी, शिवाय टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची चिप हवी. लग्न जुळवतानाही आमच्याकडे तीन पिढ्यांच्या पुढे कुणी जात नाही. तेव्हा नवा घ्यायचा ठरला. घरात जाहीर केलेलं कारण, मुलाला कोडिंग शिकायचंय. खरी कारणं दोन. मुलाला मित्रांबरोबर पाच विरुद्ध पाच असा गोळीबाराचा खेळ खेळायचा होता आणि मला 'एज ऑफ एम्पायर्स 2'. हा खेळ 1999 चा. कॉलेजात असताना सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून मी तो खेळायचो, आणि किल्ला बांधायला पुरेसे दगड जमेपर्यंत नेमका तास संपायचा. त्याला विटेच्या वजनाचं ग्राफिक्स कार्ड लागत नाही, हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

हिंजवडीतला भाचा म्हणाला, "मामा, अजून विंडोजच? लिनक्स टाका. फुकट आहे." शेवटच्या दोन शब्दांनी मी खुर्ची पुढे ओढली. लिनस टोरवाल्ड्सने 1991 मध्ये, एकविसाव्या वर्षी, हेलसिंकीत शिकताना छंद म्हणून लिनक्स सुरू केलं, हे त्याने ज्या अभिमानाने सांगितलं, त्यावरून पोरगं आमच्याच नात्यातलं असावं असं वाटलं.

"बरं, टाक मग लिनक्स."

"कुठलं?"

इथे पुढचे दोन तास गेले. लिनक्सचे म्हणे ढीगभर अवतार. मिंट ही उबुंटूवर बेतलेली, उबुंटू डेबियनवर. बॅझाइट फेडोराच्या घरातली, गेमसाठी चांगली. स्टीमओएस हल्ली आर्चच्या घरात. "आणि मामा, आर्चवाल्यांसमोर मिंटचं नाव काढू नका." डेबियन हे नाव इयान मर्डॉकने 1993 मध्ये मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयान अशी दोन नावं जोडून ठेवलं, हे ऐकल्यावर मात्र मला एकदम आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. कोथरूडच्या निम्म्या बंगल्यांची नावं अशीच पडलीत. म्हटलं, याच घराण्यातलं घेऊ. मिंट ठरली.

"पण लिनक्सवर गेम चालतात का?"

"प्रोटॉन आहे ना! 2018 पासून. दुभाषा समजा. गेम विंडोजच्या भाषेत काय मागतोय ते लिनक्सला समजावून सांगतो."

"माझा नाही चालत," चिरंजीव आतल्या खोलीतून ओरडले. "त्याचं अँटी-चीट, म्हणजे लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर, डायरेक्ट कर्नलमध्ये, सिस्टिमच्या गाभ्यात बसतं. विंडोजच लागतं."

कर्नल म्हटलं की माझ्यासमोर क्रिकेटमधले 'कर्नल' दिलीप वेंगसरकरच उभे राहतात. पण चर्चा तिथेच आटपली. एकाच डिस्कवर दोन्ही टाकायचं ठरलं. विंडोजचा परवाना रीतसर, पावतीसकट घेतला आणि एक टीबीचे दोन वाटे केले. पार्टिशन या शब्दाला आमच्या घराण्यात कोर्टकचेऱ्यांचा इतिहास आहे, त्यामानाने हे फारच शांततेत झालं.

विंडोज टाकायला किमान 8 जीबीचा पेनड्राइव्ह लागतो. ड्रॉवरमध्ये एक सापडला. यावरचा सगळा डेटा पुसला जाईल, असं पेनड्राइव्ह तयार करणाऱ्या रुफस या सॉफ्टवेअरने बजावलं. सूचना वाचायच्या आधी ओके दाबायचं, ही माझी जुनी शिस्त.

सुरुवात केली गुरुवारी सकाळी. पुण्यात जन्म काढलेल्या माणसाने गुरुवारी, वीजदुरुस्तीच्या वारी, असल्या कामाला हात घालावा? एकसष्ट टक्क्यांवर पंखे, दिवे, काच, सगळं एकदम विझलं. इन्व्हर्टर आहे, पण तो त्या खोलीतल्या पंख्याला आणि देवघराला.

वीज आल्यावर पुन्हा पहिल्यापासून. यावेळी गाडी इंटरनेट जोडा, या पानापर्यंत आली आणि थांबली. वायफायच दिसेना, कारण त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, नाही. ड्रायव्हर मदरबोर्डच्या खोक्यातल्या सीडीत. ती सीडी हातात धरून मी कॅबिनेटला दोन प्रदक्षिणा घातल्या. सीडी घालायला फटच नाही! शेवटी मुलाने न बोलता फोनची केबल जोडली, यूएसबी टेदरिंग चालू केलं आणि सीडी स्वयंपाकघरात नेऊन त्यावर गरम वाटी ठेवली.

मिंट त्यामानाने पटकन बसली. फक्त भाच्याने फोनवर सांगितलं म्हणून त्याआधी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन मी सिक्युअर बूट, म्हणजे चालू होतानाची सुरक्षा तपासणी, बंद केलं. झालं! मुलाचा गेम उघडेना. सिक्युअर बूट चालू करा, मगच आत या. पुन्हा चालू केलं, तर मिंट तशीही सुखाने उघडली. म्हणजे बंद करायची गरजच नव्हती. भाचा म्हणाला, "मामा, मी सेफ साइडला म्हणून सांगितलं होतं."

शनिवारी रात्री अध्यक्षांचा फोन. उद्याच्या मीटिंगला मार्चअखेरचा ताळेबंद आणा. त्या पेनड्राइव्हवर काय होतं, ते मला तेव्हा आठवलं.

मागच्या मीटिंगची एक चहा सांडलेली प्रिंट मिळाली, टँकरच्या पावत्या मिळाल्या. मुलगा झोपला होता. मिंटमध्ये लिबरऑफिस उघडलं आणि आकडे बडवायला बसलो. कीबोर्ड आधी जांभळा झाला, मग हिरवा, मग लाल. फेब्रुवारीचे टँकर, जांभळे. मार्चचे टँकर, हिरवे. रात्री एकच्या सुमाराला राहवलं नाही, म्हणून शेजारच्या खिडकीत 'एज ऑफ एम्पायर्स' लावून सहा गावकऱ्यांना लाकडं तोडायला पाठवलं. म्हटलं, त्यांचं काम होईल, माझंही होईल.

मार्चच्या पावत्यांची बेरीज तिसऱ्यांदा जुळवून वर पाहिलं, तर शत्रूने माझं सगळं गाव जाळलं होतं.