पुढच्या साथीची पूर्वतयारी: होतकरू साहेबांसाठी

पुढची साथ कधी येईल हे सांगता येत नाही. पण ती येईल तेव्हा कोल्हापूर जिल्ह्यातल्या एखाद्या खुर्चीत आपणच बसलेले असाल, असे गृहीत धरून आतापासून तयारीला लागलेले बरे. तयारी म्हणजे लशींचा साठा, शीतपेट्या आणि सुया, असा आपला समज असेल तर तो आधी सोडावा. या वस्तू पैशाने मिळतात आणि कोरोनाच्या साथीत, 2021 मध्ये, त्या उशिरा का होईना मिळाल्या. पैशाने न मिळणारा एकच ऐवज आहे, लोकांचा विश्वास, आणि तो साहेबांच्या कामात सारखा आड येतो, कारण विश्वास ठेवणारी माणसे प्रश्न विचारतात आणि वर उत्तराची वाटही पाहतात. म्हणून साथ येण्याआधीच तो मोडीत काढलेला असावा.

सुरुवात लहान गोष्टीपासून करावी. करवीर तालुक्यातल्या एखाद्या उपकेंद्राची ओसरी डोळ्यांसमोर आणा. नऊवारीतली आजी डावा दंड पुढे करून विचारते, "पोरी, ह्यानं ताप येतोय म्हणत्यात, खरं हाय का गं?" या प्रश्नाचे खरे उत्तर एका दमात देता येते: ताप येऊ शकतो, अंग दुखेल, ही गोळी घ्या, एक-दोन दिवसांत उतरेल. ते उत्तर कटाक्षाने टाळावे. "काय हुईत न्हाई आजी, बसा गप" याखेरीज चकार शब्द काढायचा नाही, अशी कर्मचाऱ्यांना ताकीद द्यावी. त्या रात्री आजी तापाने फणफणते, सून उशाशी बसून कपाळावरच्या पट्ट्या बदलते, सकाळी नळावर सगळ्या गल्लीला खबर लागते, आणि पुढच्या खेपेला आशाताई यादी घेऊन येते तेव्हा अख्खी गल्ली दाराला कुलूप लावून भांगलायला गेलेली असते. हा प्रकार अहवालात 'ग्रामीण भागातील अज्ञान' या सदराखाली घालावा आणि जनजागृतीच्या भोंग्याच्या रिक्षेसाठी निधी मागावा.

भाषणात आकडे वापरताना मात्र कंजुषी नको. 3 जानेवारी 2021 रोजी कोविशिल्ड आणि कोव्हॅक्सिनला मर्यादित आपत्कालीन वापराची परवानगी जाहीर झाली, तेव्हा देशाच्या औषध महानियंत्रकांनी या लशी 110 टक्के सुरक्षित असल्याचे सांगितले. थोडा ताप, वेदना, ॲलर्जी असे त्रास कोणत्याही लशीने होतात, हेही ते त्याच दमात म्हणाले होते; पण लक्षात राहिले ते एकशे दहाच. कोव्हॅक्सिन किती परिणामकारक आहे हे सांगणारे तिसऱ्या टप्प्याचे आकडे त्या दिवशी हाती नव्हते. पहिले अंतरिम आकडे मार्चमध्ये आले आणि ते चांगले आले. पुढच्या वेळीही ते चांगलेच येतील याची हमी कुणी दिलेली नाही, तरी परवानगी आधी आणि आकडे मागून, ही रीत आपण सोडू नये. मधल्या काळात एखाद्या डॉक्टरने शंका काढलीच तर तिचे निरसन करण्याऐवजी त्याच्या देशप्रेमाची चौकशी लावावी.

नवी माहिती आली की नियम बदलतात, त्यात गैर काही नाही. आपण फक्त कारण सांगायचे नाही. कोविशिल्डच्या दोन डोसांमधले अंतर आधी 4 ते 6 आठवडे होते, मार्च 2021 मध्ये ते 6 ते 8 झाले आणि मे महिन्यात 12 ते 16. अंतर वाढवल्यास लस अधिक परिणामकारक ठरते, याला परदेशातल्या अभ्यासाचा आधार होता. पण त्याच मे महिन्यात केंद्रांबाहेर पहाटेपासून चपलांच्या रांगा लागत होत्या आणि लस कधी येईल हे कुणी सांगत नव्हते, तेव्हा लोकांनी आपल्यापुरता सरळ हिशेब मांडला: लस नाही म्हणून अंतर वाढवले. आधारही आहे आणि टंचाईही आहे, असे मोकळेपणाने सांगता आले असते. सांगितले नाही ते बरेच झाले, कारण जूनमध्ये शिक्षणासाठी, नोकरीसाठी आणि ऑलिंपिकसाठी परदेशी जाणाऱ्यांना 28 दिवसांनंतर दुसरा डोस घेण्याची मुभा मिळाली, आणि पानटपरीवर प्रश्न निघाला, "परदेशी जाणाऱ्याचं रगत येगळं असतंय व्हय?" याचे उत्तर आजतागायत टपरीपर्यंत पोहोचलेले नाही.

या विद्येतला सर्वांत देखणा नमुना पुढे आहे. मे 2021 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने लसीकरणानंतरच्या गंभीर घटनांचा आढावा जाहीर केला: कोविशिल्डनंतर रक्ताच्या गुठळ्या झाल्याची 26 संभाव्य प्रकरणे, म्हणजे दहा लाख डोसांमागे 0.61. धाप लागणे, छातीत दुखणे, सतत डोके दुखणे अशा लक्षणांवर पहिले वीस दिवस लक्ष ठेवावे, अशी सूचनाही सोबत होती. पत्रक प्रामाणिक होते, म्हणूनच धोकादायक होते. ते आपण कोणत्या केंद्राच्या भिंतीवर वाचले, हे आठवून पाहावे; अभिनंदनाचे फलक कोणत्या चौकात होते ते मात्र झटकन आठवेल. मग 2024 उजाडले, ब्रिटनमधल्या न्यायालयीन कागदपत्रांत कोविशिल्डची मूळ कंपनी ॲस्ट्राझेनेकाने असा त्रास अत्यंत क्वचित होऊ शकतो हे मान्य केल्याची बातमी आली, आणि पेठापेठांतल्या तालमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच कल्लोळ उडाला की तीन वर्षे लपवून ठेवले. छापलेले होते; फक्त टोचून घेणाऱ्याच्या कानावर घातलेले नव्हते. आता क्रिकेट खेळताना एखादा तरुण कोसळला की बोट लशीकडे जाते, आणि गुठळ्यांचा तो विकार डोसानंतर काही आठवड्यांतच दिसतो, तीन-चार वर्षांनी नव्हे, हे आपण घसा कोरडा करून सांगितले तरी कुणी मान हलवणार नाही. एवढे यश एका पत्रकाच्या बळावर कुणालाही मिळालेले नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 2 मे 2022 रोजी दोन गोष्टी सांगितल्या: लस कुणावर सक्तीने लादता येणार नाही, आणि दुष्परिणामांची नोंद सामान्य माणसाला व खासगी डॉक्टरलाही करता यावी, ती नाव उघड न करता सर्वांना पाहता यावी, अशी सोय करावी. पहिली गोष्ट सर्वांना तोंडपाठ आहे. दुसरी कुणी काढू नये, याची काळजी घ्यावी.

या कामी कोल्हापूरची एक खोड आपल्याला नडू शकते. पावसाळ्यात सगळे शहर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी विचारत असते. 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ आहे. पाणी चढत असतानाच आकडा जाहीर होतो, लोक घाबरतील म्हणून तो कुणी दोन फुटांनी कमी सांगत नाही, आणि चिखली-आंबेवाडीची माणसे तो ऐकून जनावरे सोडतात आणि वेळेत बाहेर पडतात. वाईट आकडा सांगूनही लोक ऐकतात, हे इतके उघडे उदाहरण नदीकाठी असताना आरोग्य खात्याला त्याची लागण होऊ देणे योग्य नव्हे.

इतिहास वाचायचाच असेल तर निवडून वाचावा. जानेवारी 1897 मध्ये हाफकिन यांनी मुंबईत आपण बनवलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. हे पान वगळावे. त्याच वर्षी पुण्यात तपासणीच्या नावाखाली घराघरांत सोल्जर घुसवणाऱ्या रँडवर 22 जूनला गोळी झाडली गेली. हेही वगळावे, पण त्या वर्षीचा साथरोग कायदा जवळ ठेवावा, 2020 मध्ये तो कामी आला. आपल्या खऱ्या उपयोगाचे प्रकरण पंजाबातल्या मुलकोवालचे. 1902 मध्ये तिथे एकाच बाटलीतली लस टोचलेली 19 माणसे धनुर्वाताने दगावली, ठपका थेट हाफकिन यांच्यावर आला, आणि ते निर्दोष ठरायला 1907 साल उजाडावे लागले. एक माणूस हाती लागला की बाकी सगळ्यांची झोप शाबूत राहते.

दोन साथींमधली शांत वर्षे वाया घालवू नयेत. लाटेत घेतलेल्या कंत्राटी परिचारिकांना लाट ओसरताच फुले देऊन घरी पाठवावे. आशाताईचे मानधन थकवावे. गल्लीत तिचा शब्द चालतो आणि साहेबांचा चालत नाही, याचा एवढा तरी वचपा निघाला पाहिजे. लशीच्या फ्रिजचे तापमान 2 ते 8 अंशांत आहे का, हे रोज दोनदा पाहून लिहायचे असते. त्या वहीचे पान महिनाअखेरीस एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरून घ्यावे, म्हणजे अक्षरही एकसारखे येते आणि आकडाही.

एवढे करूनही कुणी स्वतःच्या पायांनी लस घ्यायला आलाच, तर त्याला बाकावर बसवून ठेवावे. कोविशिल्डची बाटली दहा जणांची होती आणि फोडली की चार तासांत संपवावी लागे. तेव्हा दहा माणसे जमल्याशिवाय बाटली फोडता येत नाही, असे त्याला नियमावर बोट ठेवून सांगावे. अकरापर्यंत चार जण जमतील, एकाची वस्तीची गाडी निघून जाईल, दुसऱ्याच्या उसाला पाणी द्यायची वीज येईल, आणि संध्याकाळच्या अहवालात चौघांच्याही नावापुढे 'लाभार्थी अनुपस्थित' असे निर्धास्त लिहिता येईल.