‘टेक’ म्हणजे ‘घेणे’ नव्हे : हजार शब्दांच्या दाव्याला उत्तर

“इंग्रजीत सगळ्यांत जास्त वापरले जाणारे 1000 शब्द पाठ करा, प्रत्येकाचा आपल्या भाषेतला एक अर्थ लक्षात ठेवा, 80 टक्के इंग्रजी आलेच म्हणून समजा.” हा दावा माझ्या भाचीच्या फोनवर मराठीत येतो आणि मी ज्यांना ऑनलाइन इंग्रजी शिकवते त्या व्हिएतनामी विद्यार्थ्यांच्या फोनवर त्यांच्या भाषेत. सोबत यादी असते. आपल्या यादीत ‘टेक’पुढे ‘घेणे’ लिहिलेले असते, त्यांच्या यादीत ‘लय्’. (व्हिएतनामी भाषेतले सूर देवनागरीत दाखवता येत नाहीत, म्हणून इथले सगळे उच्चार जवळपासचे आहेत.) व्हिएतनामी विद्यार्थ्यांना वर आणखी एक आश्वासन मिळते : तुमची लिपी रोमनच आहे, म्हणजे निम्मे काम झालेलेच आहे.

दिवसभर नोकरी करून रात्री नऊ वाजता वहीत असे शब्द उतरवणारी माणसे मी बघते. त्यांची मेहनत खरी असते, पण ती चुकीच्या जागी खर्च होते. म्हणून हा दावा तुकड्यातुकड्याने तपासायला हवा.

आधी ‘एका शब्दाचा एक अर्थ पुरतो’ हे घेऊ, कारण सगळी इमारत त्यावरच उभी आहे. ‘लय्’ म्हणजे एखादी वस्तू हातात घेणे, उचलून आणणे. आता इंग्रजी माणूस ‘टेक’ कुठे कुठे वापरतो ते बघा. औषध ‘टेक’ करतात; व्हिएतनामीत औषध पितात, मग ती कोरडी गोळी का असेना. क्रियापद ‘उओंग’, पाणी पिण्याचे तेच. फोटो ‘टेक’ करतात. तिकडे त्याला ‘चुप’ म्हणतात, म्हणजे झडप घालून पकडल्यासारखे. बस ‘टेक’ करतात. तिकडे नुसते ‘दी’, जाणे. परीक्षेला ‘थी’ आणि आंघोळीला ‘ताम’ अशी स्वतंत्र क्रियापदे आहेत. विमान ‘टेक ऑफ’ करते त्याला व्हिएतनामी माणूस ‘पंख उचलते’ म्हणतो. आणि कामाला दोन तास लागले, हे इंग्रजीत ‘टेक’ने सांगतात, तर व्हिएतनामीत ‘मत्’ने. ‘मत्’ म्हणजे हरवणे, गमावणे. तिथे दोन तास लागत नाहीत, ते जातात.

या सगळ्या यादीत ‘लय्’ कुठेही नाही. उलट ज्या एका ठिकाणी तो ठळकपणे येतो, तिथे इंग्रजी ‘टेक’ सहसा चालत नाही. व्हिएतनामीत लग्न करणे म्हणजे बायको किंवा नवरा ‘लय्’ करणे. यादीवर विश्वास ठेवून एका विद्यार्थिनीने “मी 2015 साली नवरा घेतला” अशा थाटाचे इंग्रजी वाक्य लिहिले होते. तिचे व्याकरण बरोबर होते, शब्दही यादीतलाच होता.

आपल्याला हे पटायला फार लांब जावे लागत नाही. समजा, कुणी परदेशी माणूस मराठी शिकतो आहे आणि त्याच्या वहीत ‘घेणे’पुढे एकच अर्थ आहे : वस्तू हातात घेणे. त्याला लग्नात नव्या नवरीला “नाव घे” असा आग्रह चाललेला ऐकू येतो. शेजारीण रडणाऱ्या बाळाला ‘घेते’. कुणी सूड घेतो, कुणी जिना चढून आल्यावर दम घेतो, कुणी बोललेले मनाला लावून घेतो. “तो घेतो का?” असा प्रश्न हळू आवाजात विचारला की त्यात दारू आहे, हे आपल्याला न सांगता कळते. त्या माणसाने वहीतल्या एका अर्थावरून यातले काय ओळखावे?

आणि कुठे कोण अडखळणार, हे त्याच्या मातृभाषेवर ठरते. मराठीतही औषध ‘घेतात’, म्हणून तिथे ‘टेक’ आपल्याला आपोआप जमतो. व्हिएतनामी विद्यार्थी तिथेच औषध ‘ड्रिंक’ करतो. परीक्षेत मात्र आपण घसरतो, कारण मराठीत परीक्षा ‘देतात’. “आय गेव्ह द एक्झाम” हे वाक्य पुण्यापासून नागपूरपर्यंत ऐकू येते, आणि त्यामागे मराठी विचार सरळ दिसतो. म्हणजे एकाच शब्दासाठी दोन्ही देशांतल्या विद्यार्थ्यांना वेगवेगळा अभ्यास लागतो. सगळ्या जगासाठी छापलेली एक यादी हे कसे करणार?

आता ‘वापरातला शब्द म्हणजे सोपा शब्द’ हा भाग. खरे तर नेमके उलटे आहे. शब्द जितका हाताळला जातो तितके त्याला अर्थ फुटत जातात आणि जुनी, अनियमित रूपे त्यालाच चिकटून राहतात. ‘फोटोसिंथेसिस’ हा लांबलचक शब्द व्हिएतनामी मुलगा एकदा शिकला की संपले, त्याला एकच अर्थ आहे. ‘टेक’चे ‘टुक’ होते, ‘टेकन’ होते, पुढे ‘ऑफ’, ‘अप’, ‘ओव्हर’, ‘आफ्टर’ लागले की दर वेळी नवा अर्थ. व्हिएतनामी क्रियापद तर कधीच रूप बदलत नाही. झालेले, चाललेले, होणारे हे वेगळ्या छोट्या शब्दांनी सांगतात. त्यामुळे ‘टुक’ आणि ‘टेकन’ हा तिथल्या विद्यार्थ्याला शब्दच नव्हे, कल्पनाही नवी असते. (जाता जाता : ‘टेक’ मुळात इंग्रजीही नाही. व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतून तो आला आणि त्याने ‘निमान’ या जुन्या इंग्रजी क्रियापदाला हुसकावून लावले.)

80 टक्क्यांचा आकडा निव्वळ थाप नाही, हे मान्य करायला हवे. नेहमीच्या मजकुरातले साधारण तेवढे शब्द खरोखरच पहिल्या हजारात सापडतात. फसवणूक आहे ती ‘80 टक्के शब्द ओळखीचे’ म्हणजे ‘80 टक्के समजले’ असे मानण्यात. पंधरापैकी बारा शब्द येणाऱ्याला हे वाक्य असे दिसते :

“या गोळ्या रोज सकाळी ____ घ्यायच्या, त्या वेळी ____ अजिबात खायचे नाही, नाहीतर ____ येते.”

बारा शब्द माहीत आहेत. गोळी उपाशीपोटी घ्यायची की जेवून? काय खायचे नाही? काय येते, झोप की चक्कर? राहिलेले तीन शब्दच सगळा निरोप वाहून नेत होते, आणि ते वारंवार येणारे नव्हते म्हणूनच यादीत नव्हते. न्यूझीलंडचे भाषाशिक्षणतज्ज्ञ पॉल नेशन यांनी मार्सेला हू यांच्यासोबत 2000 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 80 टक्के शब्द ओळखीचे असलेल्या गटातल्या एकालाही गोष्ट पुरेशी समजली नव्हती. कादंबरी किंवा वर्तमानपत्र आधाराशिवाय वाचायला 98 टक्के शब्द यावे लागतात असे धरून नेशन यांनी 2006 साली हिशेब मांडला, तो 8000 ते 9000 शब्दकुळांचा निघाला. एका कुळात ‘टेक’, ‘टुक’, ‘टेकन’ सगळे आले.

अशा याद्या करणाऱ्यांचा तरी ‘एक शब्द, एक अर्थ’ यावर विश्वास होता का? मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ ढाक्यात बंगाली मुलांना इंग्रजी वाचायला शिकवण्याच्या कामात वर्षानुवर्षे होते. 1953 साली त्यांनी सुमारे 2000 शब्दांची जी यादी प्रसिद्ध केली, ती पुढे जगभर वापरली गेली. त्या यादीत शब्दाखाली त्याचे वेगवेगळे अर्थ आणि प्रत्येक अर्थ किती टक्के वेळा येतो, हे दिलेले होते. पुढे फोनवर फिरणाऱ्या याद्यांनी शब्द तेवढे ठेवले आणि अर्थांचे ते रकाने टाकून दिले. माझा खरा राग यावर आहे.

राहिले लिपीचे. व्हिएतनामी भाषा रोमन अक्षरांत लिहिण्याची पद्धत सतराव्या शतकात जेझुइट मिशनऱ्यांनी घडवली. त्यांच्यापैकी अलेक्सांद्र द ऱ्होद यांचा व्हिएतनामी शब्दकोश 1651 साली रोममध्ये छापला गेला. पण अक्षर ओळखीचे म्हणजे आवाज ओळखीचा असे नाही. तिथले ‘एक्स’ हे अक्षर ‘स’ असते. ‘टी’पुढे ‘एच’ आला की ‘थ’, आपल्या थाळीतला. साधा ‘डी’ हनोईत ‘झ’ होतो आणि सायगावात ‘य’. शब्दाच्या शेवटी ‘स’ तर व्हिएतनामीत येतच नाही, म्हणून ‘टेक्स’ म्हणताना शेवटचा ‘स’ गळतो आणि व्याकरण येत असूनही वाक्य चुकीचे ऐकू येते. आपल्याकडे फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण 1616 साली गोव्यात राशोलला छापले गेले, तेही रोमन अक्षरांत. त्या ओव्या वाचणाऱ्या कुणा गोवेकराला त्यामुळे इंग्रजी सोपे गेले असेल, असे कुणी म्हणेल का?

मग काय करायचे, असे विद्यार्थी विचारतात तेव्हा मी त्यांना ‘टेक’चे पान फाडायला लावत नाही. ‘लय्’ तिथेच ठेवायचा, पण त्याखाली आपल्या आयुष्यातली पूर्ण वाक्ये लिहायची : मी सात वाजताची बस पकडते, आईला रक्तदाबाची गोळी द्यायची आहे, फॅक्टरीत पोचायला चाळीस मिनिटे लागतात. ही वाक्ये इंग्रजीत लिहायची आणि समोर त्यांच्या भाषेतले क्रियापद वेगळ्या शाईने. मधल्या वाक्यात फसायला होते : गोळी आई घेणार असेल तर ‘टेक’, मुलगी देणार असेल तर ‘गिव्ह’. ते वाक्य आम्ही मुद्दाम दोन्ही तऱ्हांनी लिहितो. एका पानाला पूर्ण आठवडा जातो. हजार शब्दांची यादी वहीच्या शेवटी चिकटवलेली असते. आठवडा संपला की त्यातला पुढचा शब्द उघडायचा.