जुन्या हार्डडिस्क फॉर्मॅट मारू नका: त्या फिरत्या मेसेजला उत्तर

परवा रात्री साडेदहाला दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात वीस वर्षांपासून त्याचा फोटो स्टुडिओ आहे. आजूबाजूच्या गावांतली साक्षगंधं, लग्नं, बारशी, सगळं त्याच्याकडच्या आठ हार्डडिस्कवर पडलेलं. मागच्या महिन्यात वीज सारखी जाऊन-येऊन त्याचा मदरबोर्ड जळाला, म्हणून नवा घेतला होता. "मेसेजमधी लिवलं हाये," तो म्हणाला, "नव्या बोर्डाले जुनी डिस्क लावाची असन त पयले फॉर्मॅट मारा लागते. इथं खिडकीबी तशीच आली, फॉर्मॅट करू का म्हून विचारून रायली. मारू काय?"

बाण 'फॉर्मॅट डिस्क'वर नेऊन मग त्यानं फोन लावला होता. त्या डिस्कवर २०१२ ते २०१६ची लग्नं आहेत. फोटोतली काही म्हातारी माणसं आता हयात नाहीत, आणि त्यांच्या घरी त्यांचा दुसरा फोटोही नाही. दादानं विचारलं म्हणून वाचलं. न विचारता बटण दाबणारे किती असतील, या विचारानं मला झोप आली नाही.

मेसेज आमच्याकडे फोटोग्राफर, झेरॉक्सवाले, सेतू केंद्रवाले अशा सगळ्यांच्या गटांत फिरतोय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: विंडोज १० बंद झालं, आता नवा बोर्ड घ्याच. नव्या बोर्डाला जुनी डिस्क फॉर्मॅट केल्याशिवाय चालत नाही. स्वस्त बोर्डाला दोनच डिस्क लागतात, जास्त हव्या तर महागडा बोर्ड घ्या, नाहीतर सगळ्या डिस्क यूएसबी हबला लावा. पॉवर कमी पडली तर एकाच वायरीला स्प्लिटर (एका वायरीच्या अनेक करणारा जोड) लावत जा. पाच वर्षं झालेली डिस्क भंगारात द्या. आणि बोर्डात रेड (दोन डिस्कवर एकसारखाच डेटा लिहायची सोय) चालू केलं की बॅकअप ठेवायची गरज नाही. खाली कोणाचं नाव नाही, गाव नाही.

आधी फॉर्मॅटचं बोलू. बाकीच्या चुकांनी पैसे जातील, या चुकीनं फोटो जातील.

साटा, म्हणजे डिस्क बोर्डाला लावायची जोडणी, बाजारात येऊन वीस वर्षं उलटून गेली. पहिली पिढी सेकंदाला १.५ गिगाबिटची, दुसरी ३ची, तिसरी ६ची. तिन्हींचा कनेक्टर एकच: डेटाला ७ पिना, पॉवरला १५. नव्या पोर्टला जुनी डिस्क लावली की तो तिच्या वेगावर उतरतो आणि काम करतो. ही सोय मुळापासूनच ठेवलेली आहे. डिस्कवर काय लिहिलंय याच्याशी बोर्डाचा काही संबंध नसतो. फाइली वाचायचं काम विंडोजचं, आणि एक्सपीच्या काळात केलेलं एनटीएफएस (डिस्कवर फाइली मांडायची विंडोजची पद्धत) विंडोज ११ बिनतक्रार उघडतं. दादाच्या सात साटा डिस्कपैकी सहा नव्या बोर्डावर लावल्या लावल्या फोल्डरांसकट दिसल्या.

मग सातवीला ती खिडकी का आली? हे नीट समजून घ्या, कारण मेसेज खरा वाटतो तो याच जागी. दादाची ती ३ टीबीची डिस्क मूळची एक्स्टर्नल डब्यातली. डब्याचा प्लास्टिकचा कोपरा तुटला म्हणून त्यानं ती बाहेर काढून सरळ साटाला लावली. त्या काळच्या बऱ्याच मोठ्या एक्स्टर्नल डिस्कच्या डब्यात एक छोटी सर्किटची पट्टी असते. डिस्क ५१२ बाइटचे तुकडे मोजते आणि पट्टी तेच विंडोजला ४०९६ बाइटचे करून दाखवते. हे यासाठी केलं होतं की डिस्कचे भाग (पार्टिशन) नोंदवायच्या जुन्या एमबीआर पद्धतीची २ टीबीच्या आसपासची मर्यादा ओलांडून मोठी डिस्क जुन्या एक्सपीतही चालावी. पट्टी काढली की मोजमाप बदलतं. विंडोजला पार्टिशन जागेवर सापडत नाही आणि ते म्हणतं, फॉर्मॅट करा. फोटो मात्र जिथल्या तिथेच असतात. मी दादाला म्हटलं, तो तुटका डबा शोध. माळ्यावर सापडला. डिस्क त्यात बसवली आणि १,४०० फोल्डर समोर उभे राहिले.

बोर्ड जुना असो की नवा, अशी खिडकी येऊ शकते. साटा केबल सैल असते, डिस्क खरंच आजारी असते, किंवा ती जुन्या बोर्डावर रेडच्या जोडीत बांधलेली असते. 'इनिशियलाइज' करा म्हणणारी खिडकीही याच घरातली. दोन्ही वेळा कॅन्सल दाबायचं. केबल बदलून बघा, दुसऱ्या पोर्टला लावून बघा. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती 'फॉरेन' (दुसऱ्या कॉम्प्युटरवर बांधलेली) दिसत असेल तर 'इम्पोर्ट फॉरेन डिस्क्स' हा पर्याय आहे, त्यात डेटा राहतो. विंडोज 'फॉर्मॅट करू का' असं विचारतं तेव्हा त्याला एवढंच सांगायचं असतं की मला हे वाचता येत नाही. त्याला 'हो' म्हणायची सक्ती कोणीही केलेली नाही.

एक गोष्ट कबूल करतो, कारण ती खोटी म्हणता येणार नाही. ज्या जुन्या डिस्कवरून विंडोज सुरू होत होतं, ती नव्या बोर्डावर सुरू होईलच असं नाही. इंटेल प्रोसेसरच्या ११व्या पिढीपासून बोर्डातल्या ग्राफिक्सवर जुन्या पद्धतीचं बूट चालत नाही, यूईएफआय ही नवी पद्धत लागते, आणि एमबीआरवरचं जुनं विंडोज तिथं अडतं. पण हे फक्त बूटच्या डिस्कचं झालं. नव्या एसएसडीवर विंडोज टाका आणि जुनी डिस्क दुसरी म्हणून लावा, तिच्यातल्या फाइली उघडतात. दादाची आठवी, ८० जीबीची डिस्क साटाच्या आधीच्या आयडीई जोडणीची आहे. रुंद पट्ट्याची केबल, मागे मास्टर-स्लेव्हचा जंपर. तसा पोर्ट नव्या बोर्डावर येत नाही, हेही खरं. तिला यूएसबीचा अडॅप्टर मिळतो, फक्त सोबत १२ व्होल्टचा पॉवर अडॅप्टर असलेलाच घ्या.

स्वस्त बोर्डाला दोनच डिस्क? हे लिहिणाऱ्यानं बोर्डाच्या खोक्यामागचा कागदही वाचलेला दिसत नाही. स्वस्तात मिळणाऱ्या इंटेल एच६१० चिपसेटला (बोर्डावरच्या मुख्य चिपला) ४ साटा पोर्ट आहेत. त्याहून महाग बी७६०लाही चिपसेटचे ४च. जास्त हवे असतील तर एच६७० किंवा झेड६९०कडे जावं लागतं, तिथे ८. गंमत अशी की जुने बी३६५, बी४६०, बी५६० यांना ६ आहेत. तेव्हा भाव बघून पोर्ट कळत नाहीत. बोर्डाचं मॅन्युअल कंपनीच्या साइटवर फुकट मिळतं, ते उघडा आणि साटाचं पान वाचा. काही बोर्डांवर एम.२ जागेत (एसएसडी बसवायच्या छोट्या खाचेत) एसएसडी बसवली की एखादा साटा पोर्ट आपोआप बंद होतो. तेही त्याच पानावर लिहिलेलं असतं, आणि दुकानात ते कोणी सांगत नाही.

दादासाठी मी नवा एच६१० घेतला, डीडीआर४वाला, कारण त्याची जुनी रॅम चालून गेली. जुना सहा पोर्टवाला बी३६५ही चालला असता आणि त्यावर आठव्या-नवव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ला पात्रही ठरतो. पण सेकंडहँड बोर्ड बिघडला की खेड्यातल्या माणसानं एसटीनं नागपूरच्या सीताबर्डीपर्यंत किती खेपा घालायच्या? वॉरंटीचा बोर्ड बरा. उरलेल्या डिस्कसाठी एएसएम११६६ चिपचं सहा पोर्टचं साटा कार्ड घेतलं. आता लक्ष द्या: ग्राफिक्स कार्डाची मोठी जागा रिकामी ठेवायची असेल तर प्रोसेसर ग्राफिक्ससहचा घ्या, नावाच्या शेवटी 'एफ' असलेला नको. मग हे कार्ड त्या मोठ्या जागेत बसतं. चार अधिक सहा, दहा पोर्ट झाले. वेगाची काळजी नको. जुनी डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे मेगाबाइटच्या पुढे फारशी जात नाही, आणि कार्डाच्या जागेतली पीसीआय एक्सप्रेस ३.०ची एकच लेन (डेटाची एक वाट) सुद्धा जवळजवळ ९८५ देते.

यूएसबी हबचं एका वाक्यात: साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, हब ५ देतो.

स्प्लिटरच्या मुद्द्यावर मात्र थांबावं लागेल, कारण यात घर जळू शकतं. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागते त्या क्षणी १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर ओढते. आठ डिस्क एकदम सुरू झाल्या तर १६ अँपिअर, म्हणजे १९२ वॅट, तेही बाकीचा कॉम्प्युटर धरायच्या आधी. साटा पॉवरच्या एका कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअरच्या, एकूण साडेचार. त्या एका टोकावर आठ डिस्क टांगायला सांगणारा माणूस वायर वितळवायला सांगतोय. त्यातही जाड, एकसंध ओतीव प्लास्टिकचे मोलेक्स-टू-साटा (जुन्या चार पिनांच्या पॉवर वायरीला साटाचं टोक देणारे) कनेक्टर तर घेऊच नका. आतल्या तारा एकमेकींना टेकून ते जळाल्याच्या तक्रारी जगभर आहेत. ज्यात प्रत्येक तार वेगळी बसवलेली दिसते तो घ्या. डिस्क एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायच्या) दोन-तीन वेगवेगळ्या वायरींवर वाटून लावा. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर ४५० वॅट लिहिलं असलं तरी त्याच्या १२ व्होल्टच्या रकान्यात काय आकडा आहे तो बघा. आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा पत्र्याच्या दुकानात डिस्कसमोर एक पंखा लागतोच.

पाच वर्षांची डिस्क भंगारात द्यायची का? गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या वर्षात डिस्क बंद पडण्याचं वार्षिक प्रमाण १.७ टक्के होतं, तीन वर्षांच्या डिस्कमध्ये ते ८.६ टक्क्यांच्या वर गेलं. म्हणजे वय वाढलं की धोका वाढतो, एवढं मेसेजवाल्याचं बरोबर. पण पाचव्या वाढदिवसाला डिस्क मरते असं त्यात कुठंही दिसत नाही. त्याहून कामाचं पुढं आहे: पृष्ठभाग तपासताना पहिली चूक सापडली की पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क बंद पडण्याची शक्यता ३९ पटींनी वाढलेली आढळली. म्हणून वय मोजत बसण्यापेक्षा क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर टाका आणि ०५ व सी५ या ओळींतला (डिस्कवरच्या खराब आणि संशयित जागांचा) 'रॉ व्हॅल्यूज'चा आकडा बघा. तिथे शून्य सोडून काही दिसलं तर त्याच दिवशी कॉपी काढायला बसा. सी७ची ओळ वाढत असेल तर बहुतेक वेळा केबल खराब असते, डिस्क बरी असते. दादाच्या एका डिस्कवर सी५मध्ये १६ दिसले. तिची कॉपी सगळ्यात आधी लावली.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे: बंद पडलेल्या निम्म्याहून जास्त डिस्कांनी मुख्य चार इशाऱ्यांपैकी एकही दिला नव्हता. बॅकअप नको म्हणणाऱ्या मुद्द्याला एवढं उत्तर पुरे. रेडमध्ये चुकून डिलीट केलेला फोल्डर दोन्ही डिस्कवरून एकदमच जातो. विजेचा झटका एसएमपीएसमधून आला तर दोन्ही डिस्क सोबत जातात. दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर, कॉम्प्युटरपासून काढलेली, जमलं तर दुसऱ्या घरी.

विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला हे खरंच आहे. त्याचा संबंध प्रोसेसर, टीपीएम (बोर्डातली सुरक्षेची सोय) आणि सुरक्षेच्या अपडेटशी आहे, तुमच्या डिस्कशी नाही.

ज्यांनी मेसेज वाचून आधीच फॉर्मॅट मारलं, त्यांना कळकळीनं सांगतो: त्या डिस्कवर आता एकही फाइल टाकू नका. कॉम्प्युटर बंद करा, डिस्क काढा, वर तारीख लिहून बाजूला ठेवा. 'क्विक फॉर्मॅट'ची खूण तशीच होती आणि ती फिरणारी हार्डडिस्क होती, तर फोटो बऱ्याचदा परत मिळतात. फक्त 'इनिशियलाइज' केलं असेल तर टेस्टडिस्क हे फुकटचं साधन हरवलेलं पार्टिशन शोधतं. फोटो एकेक करून उचलायचे असतील तर सोबतचं फोटोरेक आहे, त्यानं काढलेल्या फाइली मात्र दुसऱ्याच डिस्कवर ठेवायच्या. क्विकची खूण काढून पूर्ण फॉर्मॅट केलं असेल तर विंडोज व्हिस्टापासून ते अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहितं, तिथून काही निघत नाही. अर्ध्यावर थांबवलं असेल तर उरलेल्या भागातलं निघू शकतं, म्हणून तीही डिस्क फेकू नका.