पवनचक्क्या ढग पळवत नाहीत, मामा

सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यातल्या माझ्या मामांनी यंदा शेततळ्याचा बेत रद्द केला. कारण काय, तर व्हॉट्सअॅपवर आलेला मेसेज: जिल्ह्यातल्याच चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या ढग पुढे ढकलतात म्हणून माण-खटावला पाऊस नाही, वीज मुंबई-पुण्याला जाते, आणि आवाजाने गाई आटतात. जून कोरडा गेला की हे पुन्हा फिरायला लागतं. इतके दिवस हसून सोडून देत होतो. आता पुरे.

आधी ढग. घरातला पंखा वीज खाऊन वारा देतो, पवनचक्कीचं बरोबर उलटं. ती वाऱ्याचा जोर काढून घेते, पलीकडे निघणारा वारा मंदच असतो. मग ढकलणार कशाने? पठारावर ढग जमिनीला टेकतात आणि पाती त्यात फिरताना दिसतात, हे मान्य. पण पात्याचं टोक फार तर शे-दीडशे मीटरवर, आणि धो-धो पाऊस देणारा ढग कित्येक किलोमीटर उंच.

आणि माण-खटाव कोरडा कधीपासून आहे? ढग घाट चढताना पाणी ओतून मोकळे होतात, पलीकडे उतरणारी हवा तापून कोरडी होते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर, माणला पाचशेच्या आत-बाहेर. वनकुसवड्याला पवनचक्क्या आल्या नव्वदच्या दशकाच्या शेवटी. मग १९७२चा दुष्काळ कुणी पाडला? जुलै २०२१मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पडला, पाटण तालुक्यात आंबेघर, मीरगावला दरडी कोसळून माणसं गेली. वनकुसवडे त्याच पाटण तालुक्यात. तेव्हा पाती सुट्टीवर होती का? आणि मामा, पाऊस कमी म्हणूनच तर शेततळं हवं!

एक गोष्ट कबूल करतो. टेक्सासमधल्या पवनचक्क्यांवरचा उपग्रह-अभ्यास २०१२ साली ‘नेचर क्लायमेट चेंज’मध्ये आला. २००३ ते २०११च्या नोंदींत तिथल्या जमिनीचं तापमान, मुख्यतः रात्रीचं, आसपासच्या तुलनेत थोडं वाढलेलं दिसलं. कारण पाती वरची ऊबदार हवा खाली घुसळतात. म्हणजे परिणाम असतो, पण पवनचक्क्यांखालच्या जमिनीपुरता. त्यातून तालुक्याचा पाऊस गायब होत नाही.

वीज बाहेर जाते, हे अर्धंच खरं. ती ग्रिडमध्ये, म्हणजे विजेच्या सामाईक जाळ्यात, जाते. शेतीपंपाला किती तास मिळायची ते महावितरणच्या वेळापत्रकावर ठरतं; पवनचक्क्या उखडल्या तरी त्यात एक मिनिट वाढणार नाही. एजंटांनी जमिनी स्वस्तात उचलल्या, गावातल्या पोरांच्या वाट्याला वॉचमनची नोकरी आली, ही तक्रार मात्र रास्त आहे. ग्रामसभेत ती मांडा, पंचायतीला कर किती येतो ते विचारा. ढग पळवल्याचा आरोप केलात तर कंपनीचा माणूस हसून निघून जाईल आणि कराचा प्रश्न तसाच राहील.

राहता राहिल्या गाई. पठारावर पवनचक्कीच्या बुडाशीच गुरं चरत असतात. उन्हाळ्यात दूध घटतं ते हिरवा चारा संपल्यावर, आणि जिथे एकही पवनचक्की नाही तिथेही घटतं.